सहा वाजून आठ मिनिटं

इंटरनेट आकाशातून येतं असं समजणाऱ्या गिऱ्हाइकांना मी गच्चीवर न्यायचो आणि वायर दाखवायचो. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका साडीच्या दुकानावर आमची खोली होती. तिथून ती वायर निघायची आणि केबलवाल्यांच्या खांबांवरून, गच्च्यांवरून, मध्येच एखाद्या आंब्याच्या फांदीवरून अंबरनाथ पूर्व ओलांडून पार बदलापूरपर्यंत जायची. ही दोन हजार सालानंतरची पाच-सात वर्षं. मोठ्या कंपन्यांना आमच्या गावांत यायची घाई नव्हती, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या केबल-इंटरनेटवाल्यांचं फावलं होतं. मालक मोहनशेठ, सिंधी, बोलायला मोकळा माणूस. मी त्यांचा पहिला आणि बरीच वर्षं एकुलता एक तंत्रज्ञ. माझ्या ओळखपत्रावर 'नेटवर्क इंजिनिअर' असं छापलेलं होतं, पण अर्धा दिवस मी शिडीवर असायचो.

तक्रारी एकेक अशा यायच्या की हसावं की रडावं कळत नसे. कॅम्पातल्या एका घरी रोज भर दुपारी इंटरनेट बंद पडायचं. आठवडाभर मी जोड बदलले, डबे उघडले, काही सापडेना. शेवटी एका दुपारी न सांगता गच्चीवर गेलो, तर घरच्या म्हाताऱ्या बाई वाळत घातलेल्या पापडांवर कावळे बसू नयेत म्हणून आमच्या वायरीला जुन्या साड्या टांगत होत्या. मी म्हटलं, "अम्मा, ये इंटरनेट का तार है." त्या म्हणाल्या, "तो बेटा, मैंने काटा थोडी है?" जाताना त्यांनी मला पापड भाजून दिले आणि मी साड्यांसाठी वेगळी दोरी बांधून दिली.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण संपादकांनी नोकरीतला न विसरता येणारा प्रसंग मागितला आहे, आणि तो पापडांचा नाही. तो सांगायचा तर आमचं काम थोडं समजावून सांगावं लागेल.

इंटरनेटवर तुम्ही जे काही करता, ते तुमच्या नावाने होत नाही, एका नंबराने होतं. दवाखान्यात नंबराचं पितळी टोकन देतात, तसा. आमच्याकडे गिऱ्हाइकं शेकड्यांनी आणि टोकनं मोजकी. एक गिऱ्हाईक उठलं की त्याचं टोकन दोन मिनिटांत दुसऱ्याच्या हातात जायचं. म्हणजे नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही. नंबर आणि वेळ, दोन्ही हवं. कोणता नंबर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत कोणाकडे होता, याची यादी आमचा सर्व्हर आपोआप ठेवायचा. तिला आम्ही लॉग म्हणायचो, आणि ती कोणी मागितली तर काढून देणं हे माझं काम.

मागायचं ते सरकार. परदेशात बसलेल्या मोठमोठ्या मेल-कंपन्या होत्या, त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत, मी लिहीत नाही. कुणी धमकीची किंवा घाणेरडी मेल पाठवली की पोलीस त्या कंपनीला पत्र लिहायचे. कंपनी एका ओळीचं उत्तर द्यायची: ही मेल अमुक नंबरावरून अमुक वाजता आली. माणूस कोण, हे त्यांना माहीत नसायचं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसायची. मग पोलीस तो नंबर घेऊन आमच्या जिन्याने वर यायचे. एका बाजूला जगातली बलाढ्य कंपनी, दुसऱ्या बाजूला भारत सरकार, आणि मधे साडीच्या दुकानावर मी. तेव्हा मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

एका बुधवारी सकाळी शेलार नावाचे इन्स्पेक्टर आले. साध्या कपड्यांत, बरोबर दोन माणसं. आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागला. बारवी धरण उडवून देऊ आणि पाण्यात विष कालवू अशी मेल दोन दिवसांपूर्वी मंत्रालयात गेली होती. बारवीचं पाणी म्हणजे आमच्या तिन्ही गावांचं पाणी. मी सकाळी तेच पिऊन आलो होतो. धरणाच्या रस्त्याला बंदोबस्त लागलाय हे ऐकलं होतं, कारण मात्र आता कळलं.

त्यांनी कागद पुढे केला. नंबर, तारीख, आणि वेळ बारा अडतीस.

"दुपारी बारा अडतीसला हा नंबर कोणाकडे होता, लिहून द्या," ते म्हणाले.

मी यादी काढली. त्या वेळेला तो नंबर कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे होता. शेलारसाहेबांच्या माणसाने लगेच वही उघडली. मी म्हटलं, "थांबा साहेब. ही कंपनी ग्रिनिचची वेळ देते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे आपली संध्याकाळची सहा वाजून आठ मिनिटं."

शेलारसाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "वा, गायकवाड. नाहीतर डॉक्टर गेला असता." मी खुर्चीत ताठ झालो. सहा वाजून आठ मिनिटांनी तो नंबर बदलापूरच्या एका गिऱ्हाइकाकडे होता. पाच चाळीसला बसलं, सहा अकराला उठलं. नाव वामन भोपी. मी नाव, पत्ता, वेळ टाइप केलं, खाली सही केली, शिक्का मारला. मोहनशेठनी सगळ्यांना चहा मागवला.

वामनदादांना मी ओळखत होतो. त्यांची वायर मीच टाकली होती. जलशुद्धीकरण केंद्रात पंपावर नोकरी, साधा, कमी बोलणारा माणूस. सही करण्याआधी नाव पुन्हा एकदा वाचलं, पण यादीत तेच होतं. यादी खोटं कशाला बोलेल?

गुरुवारी त्यांना उचललं. शुक्रवारी बातमी फुटली आणि शनिवारी तिन्ही गावांत दुसरा विषय नव्हता, कारण सगळं जुळतच होतं. माणूस पाण्याच्या खात्यातला. त्यातून घर धरणग्रस्तांचं. वडिलांची भातशेती बारवीच्या पाण्याखाली गेलेली. त्यांचा संगणक पोलिसांनी नेला तर त्यातल्या प्रत्येक कागदात धरण होतं: धरणात गेलेली जमीन, धरणाची उंची, धरणग्रस्तांचं पुनर्वसन. गाववाल्यांचे अर्ज तेच टाइप करून द्यायचे. त्या संध्याकाळीही तेच करत होते. पण अर्ज लिहिणारा माणूस आणि धमकी लिहिणारा माणूस यांच्यात फरक करायला लोकांना त्या आठवड्यात सवड नव्हती. आमच्या इमारतीत चार लोकांनी माझ्याशी हात मिळवला. मी सांगितलं नव्हतं, मोहनशेठनी सांगितलं होतं.

सोमवारी दुपारी वामनदादांची बायको, सुगंधाबाई, जिना चढून वर आल्या. मला वाटलं, शिव्या देतील. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"दादा, तुमी लिवून दिलाव का यांचं नाव?"

मी म्हटलं, "वहिनी, मी काही केलं नाही. मशीनमध्ये आहे. सहा वाजून अकरा मिनिटांपर्यंत ते बसलेले होते, आणि मेल गेली सहा आठला."

"सा वाजता ते उठले."

"मशीनमध्ये अकरा मिनिटं जास्त आहेत, वहिनी."

"आमच्याकडं सा वाजता पानी येतं," त्या म्हणाल्या. "सा म्हंजे सा. ह्ये सोताच त्या खात्यात, पानी सोडनारा व्हॉलवाला यांचा दोस्त. नळ वाजला की ह्ये उठतात, कंप्युटर बंद करतात आन् मोटर लावतात. दोनी एकदम चालत नाय, फ्यूज जातो. त्या दिवशी बी नळ वाजला आन् ह्ये उठले. मग पानी अकरा मिन्टं उशिरा आलं का? इचारा तिथं, वहीत लिवतात ते."

एवढं बोलून त्या गेल्या. पाणी मागितलं नाही, बसल्या नाहीत. मी त्या गेल्यावर किती वाजले म्हणून मनगटाकडे पाहिलं, आणि तसाच पाहत राहिलो.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. माझे वडील अंबरनाथला कारखान्यात कामगार होते. गेटवर मिनिटभर उशीर झाला की अर्धा दिवस बुडायचा, म्हणून आमच्या कामगार वसाहतीत घरोघरी घड्याळं दहा मिनिटं पुढे. बाबांचं पुढे, भिंतीवरचं पुढे, शेजाऱ्यांचं पुढे. लहानपणापासून मी घड्याळात पाहायचो आणि मनात दहा वजा करायचो. त्याचा विचारही करावा लागत नसे. नोकरीला लागल्यावर घेतलेलं घड्याळही मी पहिल्याच दिवशी दहा मिनिटं पुढे केलं.

आणि सर्व्हरची वेळ मी मनगटावरच्या घड्याळावरून लावायचो. सर्व्हरच्या पोटात वेळ सांभाळणारा एक रुपयाएवढा सेल असतो, तो कधीचा मेला होता. बदलू बदलू म्हणून राहून गेलं होतं. एरवी चालायचं, पण त्या काळात भारनियमन होतं. रोज दोनला वीज जायची ती पाचला यायची, बॅटरी तासाभरात मान टाकायची. वीज आली की सर्व्हर भलतंच साल दाखवत उठायचा, आणि तेवढ्यात सगळे फोन एकदम वाजायला लागायचे. मी एक फोन खांद्यात धरून मनगट बघायचो आणि दिसेल ती वेळ टाकायचो. दहा वजा करायची सवय माझ्या स्वतःच्या जाण्यायेण्यापुरती होती. मशीनसाठीही वजा करायला हवेत, हे चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. साडेपाच तास मिळवणारा हुशार माणूस दहा मिनिटं विसरला.

मी फोनवर वेळ सांगणारा सरकारी नंबर फिरवला. सर्व्हर दहा मिनिटं पुढे होता. म्हणजे वामनदादा खऱ्या घड्याळाने सहा वाजून एक मिनिटाला उठले होते. मेल गेली सहा आठला, तेव्हा आमच्या सर्व्हरवर सहा अठरा झाले होते. त्या ओळीवर बोट ठेवलं. नंबर तोच, पण तो तेव्हा कॅम्पातल्या एका सायबर कॅफेकडे गेलेला होता.

हे सगळं तपासायला मला चार मिनिटं लागली.

मोहनशेठना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "गायकवाड, तेरा साइन है उसपे. कंपनीचा शिक्का आहे. आता तू जाऊन बोलणार, घडी गलत थी? ते बोलतील, तूने लॉग बदला. उद्या त्या कुर्सीवर तू बसशील, परसों मी. ये देश का मामला है, बाबा, वायरीची कंप्लेंट नाही."

"शेठ, तो माणूस आत आहे."

"बेगुनाह है तो छूट जाएगा. पोलीस इतनी भी अंधी नहीं. दो दिन रुक."

मोहनशेठना दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण ते खरं होणार नाही. थांबायचं मलाच होतं, त्यांनी फक्त कारण पुरवलं. मला शेलारसाहेबांच्या त्या हळू आवाजाची भीती वाटत होती. देशाच्या सुरक्षेच्या प्रकरणात पुरावा बदलला असं एकदा कागदावर आलं, की वामन भोपीला जो न्याय तोच मला. माझ्या घरी दोन लेकरं होती. वर आणखी एक गोष्ट होती, ती भीतीपेक्षा हलकी आहे: वा, गायकवाड, असं म्हणणाऱ्या माणसासमोर जाऊन मी माती खाल्ली, असं सांगायचं मला जिवावर आलं होतं. मंगळवारचा सगळा दिवस मी वायरी तपासत हिंडलो. ज्यांच्याकडे काही बिघाड नव्हता त्यांच्याकडेही गेलो.

बुधवारी सकाळी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला तो घेववेना. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इथे काय बसलाय?" मी लॉगचे कागद घेतले आणि निघालो.

शेलारसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मी संपवल्यावर त्यांनी टेबलावरची फाइल स्वतःकडे ओढली आणि एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"काल संध्याकाळी त्याने कबूल केलंय," ते म्हणाले. "सही आहे. ही मेल मीच पाठवली, जमिनीच्या रागातून पाठवली, असं लिहून दिलंय. आणि आज तुम्ही सांगता, घड्याळ पुढे होतं."

मी ते पान दोनदा वाचलं. म्हटलं, "साहेब, शक्यच नाही."

"कोणतं शक्य नाही? तुमचा पहिला कागद की त्याची कबुली? हा रिपोर्ट दिल्लीपर्यंत गेलाय, गायकवाड. तुम्हाला कोणी भेटायला आलं होतं?"

"त्याची बायको आली होती," मी खरं सांगितलं.

ते खुर्चीत मागे रेलले. बाहेर कोणीतरी टाइप करत होतं, ते मला ऐकू येत होतं. मला वाटलं, आता बेल वाजवतील आणि मी या खोलीतून घरी जाणार नाही. मी नुसतं म्हणत राहिलो, "पाण्याची वही बघा साहेब. सहाला पाणी सोडल्याची नोंद असेल. सर्व्हर अजून माझ्या घड्याळावरच चालतोय, दहा मिनिटं पुढे, मी काही बदललेलं नाही. तुम्ही स्वतः बघा."

त्यांनी फोन उचलला आणि वेळेचा नंबर फिरवला. ऐकत ऐकत माझं मनगट हातात धरलं आणि माझ्या घड्याळात पाहिलं. फोन ठेवला. "चला," म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांनी सर्व्हर पाहिला होता, त्यांच्या माणसाने पाण्याच्या वहीतली सहाची नोंद उतरवून आणली होती, आणि कॅफेचं रजिस्टर जप्त झालं होतं. रजिस्टरात त्या वेळी लिहिलेलं नाव खोटं निघालं. पुढे त्यात कोण सापडलं की नाही, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझ्यावर कारवाई झाली नाही. माझा दुसरा कागद पहिल्या कागदावर लावला गेला, इतकंच. शेलारसाहेब जाताना म्हणाले, "घड्याळ बरोबर लावा." शनिवारी वामनदादा घरी आले. नोकरीवर परत घ्यायला खात्याने सात-आठ महिने घेतले, पंपावर मात्र पुन्हा ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. वामनदादा बारीक झाले होते. मी घड्याळाचं सगळं सांगितलं, ते मान हलवत ऐकत होते. शेवटी धीर करून विचारलं, "फार मारलं का?"

"कोनी हात नाय लावला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? नुसता तुमचा कागद ठेवायचे पुढं. नाव माजं, पत्ता माजा, सा आठ. मी नाय म्हनायचो, ते कागद दाखवायचे. पाच दिस. मग मलाच वाटाया लागलं, मशीन कशाला खोटं बोलंल? राग तर व्हताच डोक्यात. लिवली पन असंल. सही केली तवा मला खोटं बोलतोय असं वाटलंच नाय."

सुगंधाबाई चहा घेऊन आल्या. दारात दोन शेजारणी डोकावत होत्या, त्यांना त्या म्हणाल्या, "ह्येच ते. मी सोमवारी जाऊन सांगितलं, तर दोन दिस मशीन तपासत बसले बिचारे. तवा सापडलं."

मी चहा प्यायलो. त्यांचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. त्या वर्षापासून दर वर्षी नवा तांदूळ निघाला की त्यांच्याकडून पिशवी येते. बायको ती घेते, मी घरात असलो तर आत जातो.

आमची कंपनी पुढे एका मोठ्या कंपनीने घेतली. आता लॉग काढून द्यायला जिना चढावा लागत नाही. तिकडचं मशीन इकडच्या मशीनला विचारतं आणि उत्तर मिळतं. ते अचूक असतं असं सगळे म्हणतात. माझ्या वेळीही सगळे हेच म्हणत होते, मीसुद्धा.

हा अंक बदलापूरच्या वाचनालयात येतो आणि वामनदादा तिथे रोज जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून जे समोर बसून बोलता आलं नाही ते इथे लिहितो. वामनदादा, तुम्ही मंगळवारी संध्याकाळी सही केलीत. मी मशीन दोन दिवस तपासत नव्हतो. मला सोमवारी दुपारीच कळलं होतं.